गुलमर्गची कोरडी फळी

श्रीनगर सोडून टंगमर्गास पोहोचले की सपाट वाट संपते. तेथून गुलमर्ग तेरा किलोमीटर. परंतु हिवाळ्यात चाकांना साखळ्या बांधल्यावाचून मोटार ती चढण चढत नाही. वर गेल्यावर मात्र डोंगरांच्या कुशीत एक विस्तीर्ण, पसरट कुरण दृष्टीस पडते. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे कुरण उन्हाळ्यात फुलांनी भरते. आम्ही गेलो तेव्हा जानेवारी होता आणि फुलांच्या जागी कमरेइतके बर्फ होते.

कुरण पसरट आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आमची फजिती त्यामुळेच झाली.

आमच्यासमवेत आमचा पुतण्या होता. त्याला स्नोबोर्डचे वेड. स्नोबोर्ड म्हणजे हनुवटीइतक्या लांबीची एक रुंद फळी. तिच्यावर दोन्ही पाय आडवे जखडून उभे राहायचे आणि बर्फाच्या उतारावरून घसरत यायचे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शेरमन पॉपन नावाच्या गृहस्थाने १९६५ च्या नाताळच्या दिवशी आपल्या मुलींसाठी दोन स्की जोडून एक केल्या, तेथून या खेळाचा उगम सांगतात. १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये त्याला स्थानही मिळाले.

गुलमर्गास गोंडोला नावाचा तारेवरचा पाळणा आहे. त्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो. पुतण्या तेथूनच घसरत येई आणि आम्ही खाली कहवा घेत वाट पाहत असू. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर उतार संपला, कुरणाचा सपाट भाग लागला आणि त्याची फळी जागीच थबकली. इतरांच्या फळ्या वेगाच्या जोरावर पुढे निघून गेल्या; याची मात्र चिखलात रुतल्यासारखी. स्कीवाल्यांच्या हाती काठ्या तरी असतात. याने पाय सोडवून खाली ठेवला तो मांडीपर्यंत आत! सूर्य डोंगराआड गेला. अर्धा किलोमीटर अंतर कापून तो आमच्यापाशी पोहोचला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि बोटांना स्पर्श कळत नव्हता. आम्ही घाबरलो, आणि घाबरलेली वडील माणसे करतात तेच केले. त्याला रागे भरलो.

“काका, मी काय करू? फळीच चालत नव्हती,” तो म्हणाला.

फळी भाड्याची होती. ज्या दुकानातून घेतली त्यांनी ती धड पाहिलीही नव्हती. पण आम्ही तरी कोठे पाहिली होती? संध्याकाळी एका कारागिराकडे गेलो. फेरनात कांगडी घेऊन बसलेला प्रौढ गृहस्थ. त्याने फळी उलटी केली, फडक्याने कोरडी पुसली, ऊब लागू दिली आणि मग दिव्याजवळ धरली. “साहेब, ओली असताना सगळ्याच काळ्या दिसतात,” तो म्हणाला. आता पोलादी कडांलगत पांढुरके पट्टे स्पष्ट दिसत होते, राख फासावी तसे. वळताना भार कडांवर येतो, कडक बर्फ तेथेच घासते, म्हणून मेण प्रथम तेथून जाते. आम्ही तळवा फिरवला. मधला भाग गुळगुळीत, कडेला मात्र खरखरीत, केसाळ.

या फळीचा तळ पॉलिएथिलीन नावाच्या प्लास्टिकचा असतो आणि त्यात मेण मुरते. घर्षणाने बर्फाचा अतिसूक्ष्म थर वितळतो व त्या पाण्यावरून फळी सरकते. मेण गेले की तळ बर्फाला धरून बसतो. आमच्या घरी घावनाचा तवा कोरडा पडला की पहिले घावन चिकटते, आणि मग आई नारळाच्या शेंडीने तेल फिरवते. तवा निदान पहिल्याच घावनाला सांगतो. फळी उतारावर काही बोलत नाही, सपाटीवर उघडी पडते. तीन-चार दिवसांच्या घसरणीनंतर, पांढरे दिसो वा न दिसो, मेण लावावे, असे कारागिराचे मत पडले.

त्याने इस्त्री तापवली. ती वाफेची नसावी, आणि मेणातून धूर निघू लागला तर ती फार तापली असे समजावे. मेणाचे थेंब तळावर पाडून त्याने इस्त्री सावकाश फिरवली, कोठेही थांबू दिली नाही. कडाक्याच्या थंडीला कठीण मेण, ओलसर बर्फाला मऊ. फ्लोरिनयुक्त मेण फार वेगवान असे, पण ते माती-पाण्यात टिकून राहते, म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून २०२३-२४ च्या हंगामापासून ते वर्ज्य आहे.

फळी पूर्ण थंड झाल्यावर त्याने जे केले त्याने आम्ही चकित झालो. एवढे लावलेले मेण त्याने प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढले! आमच्या तोंडून उद्गार निघाला. तो हसला. कामाचे मेण आत मुरलेले. वर राहते ते अडथळाच करते. मग ब्रश मारून त्याने फळी पुतण्याच्या हाती दिली.

सकाळी आम्ही त्याच काठावर उभे होतो. काल मांडीपर्यंत रुतलेल्या पायांची भोके बर्फात तशीच होती. पुतण्या उतारावरून आला, त्या भोकांच्या शेजारून सरळ निघून गेला, आणि आम्ही हाक मारीपर्यंत गोंडोलाच्या रांगेत जाऊन उभाही राहिला.