घणसोलीला उतरून बघा!

वीकेण्डला फिरायला घणसोली? नाक मुरडू नका. ब्लॉकचेन स्टार्टअपची ऑफर हातात असेल, तर ही ट्रिप मस्ट आहे. वाशीहून ठाण्याची लोकल पकडा, चौथं स्टेशन.

पूर्वेला ठाणे-बेलापूर रोडवर रिलायन्स कॉर्पोरेट पार्क. जिओचा कारभार इथला. जानेवारी २०२५ मध्ये जिओने ब्लॉकचेनसाठी पॉलिगॉनशी हातमिळवणी केली. हे पॉलिगॉन म्हणजे २०१७ मध्ये मुंबईतल्या पोरांनी सुरू केलेलं ‘मॅटिक’. २०१९ मध्ये टोकन विकून त्यांनी सुमारे ५० लाख डॉलर उभे केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सिकोया कॅपिटल इंडियाच्या पुढाकाराने थेट ४५ कोटी! या बड्या गुंतवणूकदारांनीही घेतले ते टोकनच. जूनपर्यंत त्या टोकनचा भाव निम्म्याच्याही खाली आला होता.

व्हेंचर कॅपिटलवाल्यांना असा फटका झेपतो. दहा ठिकाणी पैसे लावायचे, एक लागलं की बाकीचे वसूल. पण तुमच्याकडे करिअर एकच. पगाराचा मोठा भाग टोकनमध्ये घेऊन बसलात, तर?

आता स्टेशनच्या पश्चिमेला, घणसोली गावात शिरा. अरुंद गल्ल्या, एकमेकींना खेटलेल्या इमारती, कानावर पडणारी आगरी बोली. १९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे चकाचक शहर उभं राहिलं. जमीन गेली, पण वाढत्या भावात गावकऱ्यांचा हिस्सा कुठे होता? त्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात गोळीबार झाला, ५ शेतकरी गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली, ती या लढ्यामुळेच.

ब्लॉकचेनवाले सांगतात, आमच्या वहीतली नोंद कुणालाच खोडता येत नाही. एकदम मान्य! पण मुळात नोंदच तुमच्या नावाची नसेल, तर ती न खोडण्याचा तुम्हाला काय उपयोग?

तेव्हा गावातल्या टपरीवर कटिंग मागवा आणि ऑफर लेटर उघडा. टोकन किती, विकायला कधी मिळणार, गुंतवणूकदारांना तुमच्या आधी विकता येणार का, मध्येच नोकरी सोडली तर काय? आणि फायद्यावर ३० टक्के कर आहे, तोही हिशेबात धरा. उत्तरं लेखी मागा. चहा संपेपर्यंत ती सापडली नाहीत, तर सही सोमवारवर ढकला.