सुपारी सोलता सोलता

"मॅडम, हात चालू ठेवले तर चालेल ना?"

ती श्रीवर्धनकडच्या एका वाडीतली. पुढ्यात असोल्या सुपाऱ्यांचा ढीग, फोन पाण्याच्या कळशीला टेकवून उभा केलेला. आमचं चौथं सत्र. आधीची तीन सत्रं ती शाळेच्या फोटोला बसावं तशी बसली होती. पदर नीट, मान ताठ, उत्तरं 'हो', 'नाही', 'बरं आहे'. मला कंटाळा आला होता. थेरपिस्टला कंटाळा येतो, हे आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशी ती चाळीस मिनिटं सुपाऱ्या सोलत राहिली. माझ्याकडे एकदाही न बघता निसर्ग वादळात आडव्या झालेल्या वाडीपासून निघाली आणि नवऱ्याच्या उगारलेल्या हातापर्यंत येऊन थांबली. (तिचे आणि पुढच्या सगळ्यांचे तपशील मी ओळख पटू नये इतके बदलले आहेत.)

मी म्हसळ्यात घरूनच सत्रं घेते. आधी ठाण्यात होते, तिथे खोली होती, दोन खुर्च्या होत्या. २५ मार्च २०२० ला केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि आमचंही काम पडद्यावर गेलं. पुढे बरोबर सत्तर दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकलं. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. त्या दिवसांत इथे कुणाला 'ऑनलाइन या' म्हणणं ही थट्टाच झाली असती.

ठाण्याच्या खोलीतल्या त्या खुर्च्या मी कधीच समोरासमोर मांडल्या नव्हत्या. जरा तिरक्या असायच्या, म्हणजे बोलणाऱ्याला खिडकीकडे बघता यायचं. फ्रॉइड तर रुग्णाच्या मागेच बसे. दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून बघणं सोसत नाही, हे त्याने १९१३ साली स्वतःच लिहून ठेवलं आहे. आणि व्हिडिओने आम्हाला नाकासमोर नाक आणून बसवलं! स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओवर बोलून येणाऱ्या थकव्याची चार कारणं मांडली: फार जवळून सतत भिडणारी नजर, सारखा दिसणारा आपलाच चेहरा, एका जागी खिळलेलं शरीर, आणि हावभाव कळण्या-कळवण्यासाठी डोक्याला पडणारा जादा ताण. दुसरं कारण वाचलं त्याच दिवशी मी पडद्यावरचा माझा चौकोन लपवला. दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपल्या केसांकडे लक्ष जातं, याची लाज तोवर मी मनातच ठेवली होती.

सत्र रंगतदार करण्याचे पुष्कळ उपाय प्रशिक्षणांत शिकवतात. पडद्यावरचा फळा, चित्रांची कार्डं, भावनांची चक्रं. मुलांसाठी ते बरे पडतात. मोठ्यांच्या बाबतीत माझा अनुभव असा, की नजर सोडवली की माणूस बोलतो. आपल्याकडे भांडण तेवढं समोरासमोर होतं. मनातलं निघतं ते भाजी निवडताना, ओटीवर शेजारी बसून रस्त्याकडे बघताना. म्हणून मी आता पहिल्याच सत्रात सांगते, हाताला काहीतरी काम घेऊन बसा. कुणी तांदूळ निवडतं, कुणी जाळं दुरुस्त करतं. मीही वहीत रेघोट्या मारते आणि तसं सांगून टाकते, नाहीतर समोरच्याला वाटतं मॅडम हिशेब लिहितायत.

शांतता मात्र अवघड. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. दहा भाषांचा तसा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. माझी काही सत्रं कुवेतमधल्या एका ड्रायव्हरशी असायची; इथून तिथपर्यंत आवाज जाऊन यायला त्याहून जास्त वेळ लागला, की दोघंही एकदम बोलतात, दोघंही एकदम थांबतात, आणि मग "आवाज येतोय ना?" खोलीत दोन मिनिटांची शांतता काम करते, पडद्यावर तीच बिघाड वाटते. "मी गप्प असले तर ऐकतेय असं समजा. लाइन तुटली तर फोन मीच करीन," हे दोन वाक्यांचं आश्वासन कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

कुवेतमधला तो ड्रायव्हर घड्याळात आमच्या अडीच तास मागे. खोलीत सहाजण, एकांत म्हणून नाहीच. त्याने कॅमेरा बंद केला आणि इमारतीभोवती फेऱ्या मारत बोलू लागला. फेरी वळली की त्याचा श्वास बदलायचा. चेहऱ्यावर कदाचित मला हे दिसलं नसतं. नुसत्या आवाजाला दुय्यम का मानायचं? १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारची टेलिमानस सेवाही १४४१६ या नंबरावर आवाजावरच उभी राहिली.

एकदा एकाने माणगावहून येणाऱ्या एसटीतूनच सत्र सुरू केलं. घोणसे घाटात आवाज तुटला. परत लागला तेव्हा शेजारच्या सीटवरच्या मावशी त्याला घटस्फोट न घेण्याचा सल्ला देत होत्या, आणि सल्ला तसा वाईट नव्हता! तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला: आज कुठे बसलायत, जवळ कोण आहे? यात गंमत नाही. जिवाचा धोका वाटला तर मदत कुठे पाठवायची, ते आधी माहीत हवं. एका जवळच्या माणसाचा नंबरही मी घेऊन ठेवते. सुपारीवालीशी आमचा शब्द ठरला होता, 'रेशन'. "रेशन आलं का, मॅडम?" म्हणजे नवरा घरात शिरला. मग मी पाच मिनिटं बचतगटाच्या हप्त्यांवर बोलायचे. आत्महत्येचे विचार दाट झालेले असतील, भास होत असतील, तेव्हा मात्र मी पडद्याचा हट्ट धरत नाही. सरळ 'या' म्हणते, नाहीतर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे धाडते.

आणखी एक गोष्ट गेली, प्रवास. येताना एसटीत माणूस मनाशी जुळवाजुळव करायचा, जाताना रडून घ्यायचा. आता लॅपटॉप मिटला की समोर लगेच कुकर. म्हणून सत्राआधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं घराबाहेर चालून या, असं मी सांगते. मी स्वतः विहिरीपर्यंत जाऊन येते. दिवसाला चारच सत्रं, पाचव्याला माझे कान नुसते उघडे असतात.

परवा सुपारीवालीचं सत्र होतं. यंदाची सुपारी केव्हाच संपली होती, तिच्या पुढ्यात काहीच नव्हतं. मी काहीतरी विचारलं, तर ती उत्तर न देता पडद्यात बघत राहिली. पहिल्यांदाच इतका वेळ.

"मॅडम, तुमच्या मागच्या खिडकीत पाऊस लागलाय. कपडे आत घ्या."

मी उठून कपडे आत घेतले.