कपाट आणि टेबल

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरात उर्दू, वर्गात उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि कागदावर मराठी, असा आमचा रोजचा कारभार. अरुणावतीकाठच्या आमच्या आर्णीत याचे कुणाला नवल वाटत नाही. पण २०१९ साली आमच्या घरच्या कॉम्प्युटरला हा सगळा भार सोसेनासा झाला, त्याची ही गोष्ट.

सहामाहीच्या प्रश्नपत्रिका तयार करण्याचे काम दरवर्षी आमच्याच गळ्यात पडते. कारण आमच्याकडे कॉम्प्युटर आहे आणि इनपेज आम्हाला येते. मराठीत अक्षरे शहाण्या मुलांसारखी एका ओळीत बसतात. नस्तालीकमध्ये तसे नाही. तिथे अक्षर शेजारी पाहून रूप बदलते आणि उजवीकडून डावीकडे तिरके उतरत येते. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या आपली पुस्तके कातिबांनी हाताने लिहिली. पुढे मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांची सुमारे वीस हजार जोडरूपे लिहून काढली आणि १९८१ च्या सुमारास नूरी नस्तालीक यंत्रावर चढले. १९९४ साली दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले, तेव्हा कुठे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाच्या हाती ही लिपी आली.

इनपेज बिचारे हलकेच आहे. पण त्याच्यासोबत क्रोम उघडायचे, एक्सेलमध्ये शाळेची माहिती भरायची, त्यात अँटिव्हायरस मागे घरघरत असायचा. आमच्या यंत्रात रॅम होती १ जीबी. माउस हलवला की बाण दोन मिनिटांनी हलायचा. एका रात्री नववीचा पेपर अर्धा झाला, स्क्रीन गोठली आणि त्याच वेळी लाइट गेली. दोन तासांची मेहनत गेली. बेगम म्हणाल्या, “अहो, आता नवीनच घ्या.” नवीन म्हणजे आमचा दोन महिन्यांचा पगार. आम्ही गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी डबा दोरीने मोटरसायकलला बांधला आणि बसस्टँडकडच्या एका दुकानात नेला. एका सहकाऱ्याच्या भंगार कॉम्प्युटरातली रॅमची पट्टीही खिशात होती. फुकटात काम होईल, असा हिशेब.

काउंटरमागून आवाज आला, “अस्सलाम आलेकुम, सर.”

आम्ही चमकलो. हा मुलगा आमच्या वर्गात होता. २०१४ साली नववीतून शाळा सोडली. दुसरे काही आठवण्याआधी आम्हाला आमचेच वाक्य आठवले. भर वर्गात, साठ मुलांसमोर आम्ही म्हणालो होतो, “इसके दिमाग में कुछ टिकता ही नहीं.” मुले हसली होती. तो खाली पाहत उभा होता.

त्याने डब्याचे झाकण काढले, ब्रशने धूळ झटकली आणि आमची पट्टी हातात घेऊन परत दिली. “सर, ही डीडीआर-२. तुमचा बोर्ड डीडीआर-३ चा. पिना दोन्हीकडे २४०च, पण खाच वेगळ्या जागी असते. म्हणजे कुणी चुकून लावू नये.” मग म्हणाला, “हार्ड डिस्क म्हणजे कपाट, रॅम म्हणजे टेबल. आपका कपाट बडा है, सर. टेबल छोटा है. चार वह्या उघडल्या की पाचवी ठेवायला जागा नाही. मग तो सारखा उठून कपाटाकडे जातो, म्हणून हळू चालतो. आणि लाइट गेली की टेबल साफ. कपाटात ठेवलेले तेवढे राहते.”

एमएस-सीआयटीच्या परीक्षेत आम्ही रॅमची व्याख्या लिहून गुण मिळवले होते. अर्थ आज कळला.

आम्ही रुबाबात म्हणालो, “मग ४ जीबीची टाक.” तो म्हणाला, “नको, सर. तुमचे विंडोज ३२ बिटचे आहे. ते चारच्या पुढे पाहत नाही, चारही पूर्ण वापरत नाही. जुनी २ जीबीची घ्या, एकूण तीन होतील. पैसे वाचतील.” पट्टी बसवून बटण दाबले तर नुसते बीप-बीप, स्क्रीन काळी. आमच्या पोटात गोळा. त्याने बटण बंद केले, वायर काढली, शाळेतल्या खोडरबराने पट्टीच्या पिवळ्या पिना घासल्या आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्‌ करून बसेपर्यंत ती दाबली. यंत्र सुरू झाले. पट्टीचे चारशे आणि मेहनतीचे पन्नास रुपये त्याने मोजून घेतले. ते घेतले याचे आम्हाला बरे वाटले.

घरी येताना मात्र मन जड होते. त्या वर्षी तो मुलगा रात्री अकरापर्यंत गॅरेजमध्ये काम करायचा, हे आम्हाला ठाऊक होते. झोप अपुरी, घरची चिंता, त्यावर चार भाषांची पुस्तके. त्याचे कपाट लहान नव्हते. टेबलावर जागा नव्हती. बी.एड.ला आम्ही जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा सिद्धांत पाठ केला होता. माणूस एका वेळी सातच्या आसपासच गोष्टी ध्यानात धरू शकतो. पेपरात उत्तर लिहिले आणि कपाटात ठेवून दिले. वर्गात कधी टेबलावर काढले नाही.

तेव्हापासून आम्ही एका वेळी एकच सूचना देतो आणि ती फळ्यावर राहू देतो. उत्तर आले नाही तर आधी विचारतो, “रात्री किती वाजता झोपलास?”

जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा आधार बंद झाला. त्याच मुलाच्या सल्ल्याने आम्ही त्या यंत्राचे इंटरनेट काढून टाकले. त्या साली शाळा बंद पडल्या. ज्या घरांत मोबाइल नव्हता, त्या मुलांसाठी उर्दूतल्या सरावपत्रिका याच यंत्रावर तयार झाल्या आणि हातोहात वाटल्या गेल्या. चारशे पन्नास रुपयांत याहून मोठे काम आमच्याकडून झालेले नाही.

पुढे एकदा धीर करून दुकानात गेलो. म्हणालो, “बेटा, नववीत आम्ही तुला वर्गात काहीतरी बोललो होतो...”

त्याने पेचकस खाली ठेवला नाही. हसून म्हणाला, “याद नहीं, सर. चाय मंगाऊँ?”

त्याला खरेच आठवत नव्हते की त्याने आमची इज्जत राखली, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. आम्ही चहा घेतला. आमच्या लक्षात मात्र ते वाक्य आहे, त्या साठ मुलांच्या हसण्यासकट.