भरवलेलं बदक

घोकंपट्टीचं खापर आपण पोपटावर फोडतो. कळो न कळो, शिकवलेलं धडाधडा म्हणून दाखवणाऱ्या मुलाला आपण ‘पोपटपंची करतो’ म्हणतो. चिनी भाषेत त्या जागी बदक आहे. शब्द आहे ‘थ्येनया’. ‘थ्येन’ म्हणजे भरणं, ‘या’ म्हणजे बदक. ठासून भरवलेलं बदक. आणि मुलाला भूक आहे की नाही हे न विचारता त्याच्या डोक्यात माहिती कोंबणाऱ्या शिक्षणाला म्हणतात ‘थ्येनया पद्धतीचं शिक्षण’.

हा शब्द मला बीजिंगमध्ये लाओशींनी शिकवला. लाओशी म्हणजे शिक्षक. आम्ही सगळे त्यांना एवढंच म्हणायचो. त्यांनी फळ्यावर दोन अक्षरं काढली. मग एका हाताने हवेतल्या बदकाची मान धरली आणि दुसऱ्या हाताने काहीतरी आत ढकलल्याचा अभिनय केला. वर्ग हसला, मीही हसले. रात्री वहीत शब्द उतरवताना जाणवलं, की आपल्या पोपटाच्या शब्दात फक्त बोलणारं मूल दिसतं. बदकाच्या शब्दात मान धरणारा हातही दिसतो.

मी अकरावी-बारावी लातूरला केली. घर अहमदपूरकडचं. लातूर पॅटर्न म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहाटे उठणं, क्लास, कॉलेज, पुन्हा क्लास, टेस्ट, टेस्टचे मार्क भिंतीवर. महिन्यातून एकदा आई डबा घेऊन यायची. मी गणितं सोडवत असायचे आणि ती शेजारी बसून मला भाकरीचे घास भरवायची. तेवढाच माझा वेळ वाचावा म्हणून. भरवणं आणि कोंबणं हे दोन वेगळे शब्द आहेत हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या खोलीत दोन्ही एकाच वेळी चालू असायचं.

असो. बदकाकडे येऊ.

आपण ज्याला ‘पेकिंग डक’ म्हणतो ते बीजिंगमध्ये नुसतं ‘काओया’, म्हणजे भाजलेलं बदक. त्यासाठी लागणारं बदक ठरलेलं असतं: पांढरंशुभ्र, नारिंगी चोचीचं, पटापट वजन धरणारं. जुन्या पद्धतीत पिल्लू पहिले दीड महिना मोकळं वाढायचं. मग पुढचे 15-20 दिवस त्याला दिवसातून चार वेळा सक्तीने भरवलं जायचं. आधी धान्याच्या पिठाच्या वळकट्या हाताने घशात सरकवत, नंतर नळी आली. कातडीखाली चरबीचा जाड थर धरावा, एवढाच हेतू. हा थर नसेल तर पुढचं सगळं कौशल्य फुकट. आता आपणहून खाऊन चरबी धरणारे वाणही चिनी संशोधकांनी तयार केले आहेत, त्यामुळे भरवण्याची सक्ती सगळीकडे उरलेली नाही. शब्द मात्र उरला आहे.

लाओशींचा मोठा भाऊ शहराच्या दक्षिण भागातल्या एका लहानशा दुकानात भट्टीवर काम करतो. कारागिराला तिथे ‘शिफू’ म्हणतात, म्हणून मीही त्याला शिफूच म्हणायचे. एका सोमवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्याने मला मागच्या बाजूला नेलं. माझी कल्पना होती की खरी गंमत भट्टीत असेल. शिफूने आधी नेलं ते एका थंड, अरुंद खोलीत. तिथे पंखे चालू होते आणि आकड्यांना वीस-पंचवीस कच्ची बदकं टांगलेली होती. फुगलेली, तुकतुकीत, हात लावला तर कागदासारखी कोरडी.

तिथपर्यंत येण्याआधी बरंच काही झालेलं असतं. पिसं काढून झाली की मानेपाशी छोटी चीर देऊन कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा भरतात. पूर्वी तोंडाने फुंकायचे, आता पंप आहे. कातडी मांसापासून सुटते आणि बदक फुग्यासारखं टम्म होतं. मग पंखाखाली लहानशी चीर देऊन आतले अवयव त्या चिरेतूनच काढायचे. पोट फाडायचं नाही. छाती आत बसू नये म्हणून ज्वारीच्या ताटाचा छोटा तुकडा आत टेकू म्हणून लावायचा. उत्तर चीनमध्ये ज्वारी भरपूर. मराठवाड्याची मुलगी बीजिंगच्या स्वयंपाकघरात ज्वारीचं धाट बघून उगाच खूश होते, तशी मी झाले. शिफूला सांगितलं, आमच्याकडे याची कडबा म्हणून वैरण होते. तो म्हणाला, इथे बदकाला आधार देतो.

नंतर बदकावर उकळतं पाणी ओततात. कातडी आक्रसून ताणली जाते. मग माल्टोजचा पाक लावतात, म्हणजे मोड आलेल्या धान्यापासून केलेली चिकट साखर पाण्यात पातळ करून. आणि मग टांगायचं. सावलीत, वाऱ्यावर, साधारण एक दिवस.

“आणि या दिवसात काय करायचं?” मी विचारलं.

“काही नाही,” शिफू म्हणाला. “हात लावायचा नाही.”

कारण साधं आहे. कातडीत ओल आहे तोवर आच तिला सुकवण्यातच खर्च होते; तापमान 100 अंशांच्या फारसं पुढे जात नाही. खमंगपणा, तांबूस रंग, ती कुरकुर यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, आणि साखर व प्रथिनं एकमेकांत भिनावी लागतात. ओलं बदक भट्टीत घातलं तर ते शिजेल, पण कातडी रबरासारखी चिवट राहील. आई उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायची तेव्हा हेच सांगायची. आत ओल राहिलेली कुरडई तेलात फुलत नाही, कितीही आच लावा. वाळवणाला घाई चालत नाही.

भट्टीत जाण्याआधी शेवटची एक युक्ती. बदकाचा मागचा भाग बुचाने बंद करतात आणि पंखाखालच्या चिरेतून आत गरम पाणी भरतात. बाहेरून कातडी भाजते, आतून मांस वाफेवर शिजतं. एकाच प्राण्यात दोन स्वयंपाक. शिफूची भट्टी उघडी होती, दार नसलेली. आत बोर, नासपती, पीच अशा फळझाडांची लाकडं जळत होती. धूर कमी, वास गोडसर. लांब काठीने तो बदकं उचलायचा, जागा बदलायचा, कधी एखाद्याची मांडी ज्वाळेसमोर धरायचा. पाऊण तास, किंवा थोडं जास्त. घड्याळाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

ही झाली टांगत्या भट्टीची रीत. ती प्रसिद्ध केली छुआनजुदे या दुकानाने. यांग छुआनरन नावाचा कोंबड्या-बदकं विकणारा माणूस. त्याने 1864 मध्ये छिएनमेन भागातलं सुक्या मेव्याचं एक बुडीत दुकान घेतलं. दुकानाचं जुनं नाव होतं ‘देजुछुआन’. त्याने अक्षरं उलट्या क्रमाने लावली आणि ‘छुआनजुदे’ झालं. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काम केलेला आचारी त्याने नोकरीला आणला, असं सांगतात.

दुसरी रीत त्याहून जुनी, बंद भट्टीची. बिएनयीफांग हे दुकान आपली सुरुवात 1416 पासून सांगतं, म्हणजे मिंग राजांनी राजधानी नानजिंगहून बीजिंगला हलवली त्या सुमारापासून. बदकाचा शौक दक्षिणेकडून राजधानीबरोबर वर आला, अशी समजूत आहे. बंद भट्टीत आधी धाटं जाळून भिंती तापवतात, जाळ विझवतात, मग बदकं आत टांगून दार लावतात. भिंतींच्या धगीवर ती भाजली जातात. मध्येच दार उघडायचं नाही, बघायचं नाही, फिरवायचं नाही. 2008 मध्ये चीनने या दोन्ही पद्धती राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतल्या. मी शिफूला विचारलं, कोणती चांगली? तो म्हणाला, “बंद भट्टीत मांस जास्त रसाळ. पण मला बदक दिसायला पाहिजे.”

जूनच्या शेवटी लाओशींनी मला जेवायला बोलावलं, त्याच दुकानात. त्यांच्या मुलीचा ‘गाओकाओ’चा निकाल लागला होता. गाओकाओ म्हणजे चीनची बारावीनंतरची प्रवेश परीक्षा, दरवर्षी 7 जूनला सुरू होणारी. बीजिंगचा हायडियान भाग, जिथे त्या राहतात, शिकवण्यांसाठी बदनाम आहे. 2021 मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी आणली. पाट्या उतरल्या, आणि अनेक शिकवण्या घराघरात शिरल्या.

मुलीचे मार्क वाईट नव्हते. हवे होते तेवढे नव्हते. टेबलावर कुणी आकडा उच्चारत नव्हतं. मला हेन्री किसिंजरची गोष्ट आठवली. जुलै 1971 मध्ये तो गुपचूप बीजिंगला आला. चर्चेत वातावरण तापलं तेव्हा चौ एन-लाय यांनी बदक गार होईल म्हणून सगळ्यांना जेवायला उठवलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. आमच्याही टेबलावर सगळे बदकाची वाट बघत होते.

शिफूने ढकलगाडीवर बदक आणलं आणि आमच्यासमोर कापलं. प्रत्येक चकतीला थोडी कातडी, थोडं मांस. जुन्या शिरस्त्याप्रमाणे एका बदकाच्या 108 चकत्या व्हायला हव्यात. जपमाळेत मणी असतात तेवढ्या. आता कुणी मोजत नाही. पहिल्यांदा छातीवरची नुसती कातडी येते. ती पांढऱ्या साखरेत बुडवून खायची. तोंडात कुर्र होते आणि विरघळते. मग पातळ पोळ्या, आपल्या मांड्याच्या जवळ जाणाऱ्या पण तळहाताएवढ्या. पोळीवर गव्हाच्या पिठाला आंबवून केलेला काळा, गोडूस सॉस, पातीच्या कांद्याचे उभे काप, काकडी, दोन-तीन चकत्या. गुंडाळी करायची आणि हातानेच खायची. शेवटी हाडांचं पांढरट सूप कोबी घालून येतं. काहीच वाया जात नाही.

पहिली गुंडाळी आजीने केली आणि नातीच्या ताटलीत ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. “नायनाय, पोट भरलं,” मुलगी म्हणाली. आजीने चौथी ठेवली. पंगतीतला आग्रह मला नवा नव्हता. पण इथे कुणी हसत नव्हतं.

घरी जाताना लाओशींनी मला सांगितलं, की 1966 मध्ये आजी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि प्रवेश परीक्षाच बंद पडली. आजीला खेड्यात शेतावर पाठवलं. परीक्षा पुन्हा सुरू झाली 1977 मध्ये. तोवर तिच्या पदरात मूल होतं. उपास तिने काढलेले होते. त्या बाईच्या हिशेबात अंगावर चरबी असणं आणि परीक्षेला बसायला मिळणं या दोन्ही सुखाच्याच गोष्टी होत्या. मला तिच्या हाताचा राग येत होता, तो त्या रस्त्यावर गळून पडला. नातीचं पोट भरलेलं होतं, हेही तितकंच खरं होतं.

माझा धाकटा भाऊ या वर्षी लातूरला ‘नीट’साठी रिपीट करतोय. त्याच आठवड्यात आईचा फोन आला होता. “लेकरू बोलतच नाही गं काही. तूच सांग की त्याला, अजून एक वर्ष कळ काढ म्हणावं.” तिच्या आवाजात ती डबा घेऊन बसलेली मला दिसत होती.

जेवणानंतरच्या रात्री मी भावाला फोन केला. बीजिंग अडीच तास पुढे. त्याच्याकडे नऊ वाजले होते. त्याआधी मी त्याला थंड खोलीचा फोटो पाठवला होता.

“हे कच्चंच का टांगून ठेवलंय?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. हवा, उकळतं पाणी, साखर, आत भरलेलं पाणी, सगळं. तो प्रश्न विचारत गेला. पंप कसला? पाणी गळत नाही का? कातडी फाटत नाही? महिन्याभरात तो माझ्याशी इतका बोलला नव्हता.

“आणि टांगतात किती वेळ?”

“एक दिवस.”

“नुसतंच?”

“नुसतंच.”

तो गप्प राहिला. मीही काही बोलले नाही. आईचा निरोप जिभेवर होता, तो तिथेच राहू दिला. मागे मेसमधल्या ताटांचा आवाज येत होता.

“ताई,” तो म्हणाला, “मी दोन दिवस घरी जाऊन येऊ का? पुस्तकं न घेता?”

मी म्हटलं, “ये जाऊन. आईला मी सांगते.”