विण्याचा पहारा

चऱ्होलीत राहून शांतता शोधायची म्हणजे गंमतच. लोहगावची धावपट्टी जवळ, म्हणून डोक्यावर विमानं. रस्त्यावर खडीचे डंपर. आणि वारा आळंदीकडून वाहू लागला की त्यात मिसळलेला मृदंग. अशा गावात बसून मला माँटसेराटचं वेड लागावं, हे घरच्यांना अजून पटलेलं नाही.

कॅरिबियन समुद्रातलं हे जेमतेम शंभर चौरस किलोमीटरचं बेट. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७९ मध्ये तिथे एअर स्टुडिओ उघडला. जो तो तिथल्या निवांतपणाचे गोडवे गातो. मला ते तितकंसं खरं वाटत नाही. ‘सिंक्रोनिसिटी’ या अल्बमच्या वेळी ‘द पोलीस’ या बँडमधले तिघे तीन खोल्यांत बसून वाजवत होते, ड्रम्स तर चक्क जेवणघरात! कसला निवांतपणा? बेटाचा खरा गुण एवढाच, की भांडण झालं तरी तडक रिक्षा करून घरी जाता येत नाही.

१९८९ च्या उन्हाळ्यात रोलिंग स्टोन्स तिथे उतरले, तेव्हा बँडला सत्तावीस वर्षं होत आली होती. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स दोघेही पंचेचाळिशीचे, आणि मागची काही वर्षं एकमेकांवर जाहीर तोंडसुख घेत आपापले अल्बम काढत बसलेले. बार्बाडोसला समेट झाला आणि मग माँटसेराटवर ‘स्टील व्हील्स’ हा अल्बम आकाराला आला.

हे वाचताना मला आमच्याकडचा हरिनाम सप्ताह आठवतो. मंडळातल्या दोन जुन्या गायकांचं बांधावरून वाजलेलं. जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून इकडे वीतभर बांधही भाऊबंदकीला पुरतो. वर्षभर तोंड बघणार नाहीत. पण सप्ताहात विणा खाली टेकवायचा नसतो, आणि पहाऱ्यांच्या यादीत दोघांची नावं लागोपाठ. पहाटे एकाने गळ्यातला विणा काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि दोघांनी एकमेकांच्या पायांना हात लावायचा. तो हात घाईघाईने लागतो, नजर भलतीकडे असते, पण लागतो. मृदंगवाला तोवर धुमेवरची वाळलेली कणीक खरवडून ताजी थापत असतो, काही न पाहिल्यासारखा. मग दोघांपैकी एक चाल उचलतो आणि दुसरा, सवयीनेच, वरच्या पट्टीत जाऊन मिळतो. तिसऱ्या कुणाला ती जागा घेता येत नाही.

‘स्टील व्हील्स’ २९ ऑगस्टला बाजारात आला. १७ सप्टेंबरला ह्यूगो चक्रीवादळाने बेट झोडपलं आणि स्टुडिओ बंद पडला तो कायमचाच. पुढे १९९५ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि राजधानी प्लिमथ राखेखाली गेली. गाणी तेवढी आधीच जगभर पोचली होती.

आमच्या त्या दोघांचं एकही रेकॉर्डिंग नाही. एकाचा दमा वाढलाय. बँडच्या बारीकसारीक तारखा पाठ असलेल्या माझ्यासारख्यांनी आधी हे काम करायला हवं होतं, आणि तुमच्या गावीही असे गायक असणारच. यंदाच्या सप्ताहात त्यांचा आवाज फोनवर का होईना, धरून ठेवा. फोन मृदंगाला चिकटवू नका, आवाज फाटतो. आणि कोण गातंय, ते सुरुवातीलाच बोलून घ्या.