घाटातला रविवार

पहाटे साडेचारला गजर वाजला. "कोणी सांगितलंय हे?" बायको झोपेतच पुटपुटली. खरंच, कोणी सांगितलंय?

सव्वापाचला पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या पायथ्याशी आम्ही दहा-बारा जण जमलो. साताऱ्याची हिल मॅरेथॉन तोंडावर आलीय. 21 किलोमीटरच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेनं उतरायचा. चढ दम काढतो, पण मांड्या पिळतो तो उतार. गेल्या वर्षी हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी मी घरचा जिना उलटा, कठडा धरून उतरलो! म्हणून यंदा उताराचाही सराव.

दुसऱ्याच वळणावर मी वाकून, गुडघ्यांवर हात टेकून उभा. साठी ओलांडलेले काका त्याच संथ लयीत शेजारून गेले. "बोलता येईल एवढ्याच वेगानं पळ रे!" उत्तर द्यायलाही श्वास नव्हता, नुसती मान हलवली.

वर पोचलो तर काका गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी सोडून बसलेले. खाली पुण्याचे दिवे एकेक करून विझत होते. घामेजल्या तळहातावर गुळाचा खडा चिकटला. तो चाटताना घड्याळात वेळ बघायची राहूनच गेली.