उत्तरमेरूरचें मडकें

कांचीस गेलेला महाराष्ट्रीय यात्रेकरू देवदर्शन व रेशमी लुगड्यांची खरेदी उरकली कीं बहुधा परत फिरतो. आम्हीं मात्र सहकुटुंब मोटारबसनें दहा-एक कोसांवरील उत्तरमेरूर गांठलें. वैकुंठ पेरुमाळाचें देऊळ दिसण्यांत साधेंच; परंतु त्याच्या दगडी भिंतींवर पहिल्या परांतक चोलाच्या कारकीर्दींतील, इ. स. ९१९ व ९२१ चे, ग्रामसभेचे ठराव कोरलेले आहेत. तमिळ आम्हांस अवगत नाहीं. म्हणून भाषांतराचें टिपण घरूनच नेलें होतें.

गांवाचे ३० भाग पाडीत. प्रत्येक भागांतील पात्र व्यक्तींचीं नांवें ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यांत टाकीत, आणि भर सभेंत, आंत काय आहे हें न जाणणाऱ्या एखाद्या मुलाकडून एक पान काढवीत. तें मध्यस्थानें पांचही बोटें पसरून उघड्या तळव्यावर घ्यावयाचें व मोठ्यानें वाचावयाचें! हातचलाखीची एवढी धास्ती ज्यांनीं बाळगली, त्यांस मनुष्यस्वभाव चांगलाच ठाऊक असला पाहिजे. निवडलेल्यांतून वार्षिक कारभार, बागा व तळीं यांच्या समित्या होत; मुदत ३६० दिवस. मागील तीन वर्षांत समितीवर असलेल्याचें नांव घेत नसत. हिशेब न देणारा तर अपात्रच, पण त्याचे आप्तही अपात्र.

येथें आम्ही ओशाळलों. आमच्या गांवच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही सलग अकरा वर्षें आहों, आणि दोन वर्षांचा हिशेब अद्याप सभेपुढें ठेवावयाचा आहे.

इतक्यांत सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, या मडक्यांत बायकांचीं नांवें पडत का?"

पडत नसत. जमीन, स्वतःचें घर, वेदाध्ययन व ३५ ते ७० हें वय यांवांचून पुरुषांचींही पडत नसत. तो ब्राह्मणांचा अग्रहार. शेत कसणारें कूळ मडक्याबाहेर. वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज अशा मडक्यांत असते, म्हणून त्याचा गौरव करणें आपणांस सोपें जातें. शिवाय ही सोडत. मुलाच्या हातीं आलेल्या मनुष्यास गांवानें पसंत केलेलें नसे. मतानें गेलेला प्रतिनिधि पांच वर्षांनीं पुन्हां दारीं येतो, आणि त्यास घरीं बसविणें आपल्या हातीं असतें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत जमीन वा अक्षरओळख न विचारतां २१ वर्षांवरील स्त्रीपुरुषांस तें मत मिळालें. १९८९ पासून तें १८ व्या वर्षींच मिळतें.

परतीच्या बसमध्यें सौभाग्यवती म्हणाल्या, "यंदा मंडळावर नाहीं हो उभें राहायचें. आणि हिशेबाचें काय?"

वह्या कोणत्या कपाटांत आहेत, तें आम्ही कांची येईपर्यंत आठवीत होतों.